भोरजवळच्या त्या ट्रॅक्टरवाल्या काकांचे मनापासून आभार

पुण्याहून भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन आम्ही भोरकडे गेलो होतो, बरोबर आई आणि दोन्ही पोरं. वाटेत नसरापूरला बनेश्वर केलं, नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं मंदिर, १७३९ ला वसई जिंकल्यावर आणलेली ती पोर्तुगीज घंटा पोरांना फार आवडली. मुक्काम नीरेच्या काठी. रात्री अवकाळी पाऊस जो कोसळला की काळी माती नुसती लोण्यासारखी झाली आणि पहाटे बघतो तर मागची दोन्ही चाकं निम्मी आत, गाडी नदीकडे कललेली, आईला तर रडूच फुटलं.

तेवढ्यात शेतावर निघालेले एक काका थांबले. पहिल्यांदा म्हणाले, "आधी आजींना आन् पोरांना खाली उतरवा, गाडीचं बघू मग." काकूंना फोन लावून आईला घरी पाठवलं, मग टायरमधली हवा थोडी कमी केली म्हणजे चाक पसरतं आणि माती धरतं, पुढची चिखलमाती खोऱ्याने ओढून कांद्याची रिकामी पोती घातली आणि ट्रॅक्टरला दोर बांधून हळूहळू, एकही झटका न देता गाडी वर काढली. हवा भरायला पंपापर्यंत स्वतः बाईकवर पुढे आले!

घरी गेलो तर आई चुलीपुढे बसलेली, काकूंनी पाय शेकायला गरम पाणी दिलेलं, अंगावर स्वतःची शाल घातलेली, आणि पोरं पिठलं-भाकरी खातायत. डिझेलचे पैसे देऊ केले तर काका हातच लावेनात. काका-काकू, तुमचं नावसुद्धा विचारायचं राहिलं, पण आई रोज तुमची आठवण काढते. खूप खूप आभार. दिवाळीच्या आत फराळ घेऊन येतोय, तो मात्र घ्यावाच लागेल.