मताधिकार आहे, माहितीचे काय?

महोदय,

महापालिकेच्या कारभाराचा विषय निघाला की ‘लोकच अडाणी, त्याला कोण काय करणार’ असा शेरा सोलापुरात सहज मारला जातो. हे निदान मला मान्य नाही. 1951 च्या जनगणनेत देशातील जेमतेम 18 टक्के लोक साक्षर होते, तरीही घटनेने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताधिकार दिला. आणि निम्म्याहून अधिक जनता निरक्षर असतानाच 1977 मध्ये मतदारांनी आणीबाणी लादणारे सरकार घालवले. वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती, पण सक्तीच्या नसबंदीची झळ उत्तर भारताने स्वतः सोसली होती. जिथे ती तेवढी पोहोचली नव्हती, त्या दक्षिणेत त्याच पक्षाला भरघोस जागा मिळाल्या, हेही विसरता येत नाही.

म्हणजे अनुभव शिकवतो, परंतु जेवढे अंगावर येते तेवढेच. नळाला काही दिवसांआड पाणी येते हे सोलापुरातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. मात्र उजनीहून निघालेल्या पाण्यापैकी किती वाटेत गळते, जलवाहिनीवर किती खर्च झाला आणि कोणत्या भागाला किती पाणी सोडले जाते, हे कागद समोर आल्याशिवाय शहाण्यातल्या शहाण्यालाही कळणार नाही. ते कळत नाही तोवर मतदार पाण्याचा जाब नेमका कोणाला विचारणार? मग मत जातीवर, ओळखीवर किंवा आदल्या रात्रीच्या पाकिटावर जाते. 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा तर प्रश्न विचारायला नगरसेवकही उरला नव्हता.

माहिती अधिकार कायदा 2005 चा आहे. त्याच्या कलम 4 नुसार अंदाजपत्रक आणि खर्चाचा तपशील कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करायचा असतो, आणि तोही स्थानिक भाषेचा विचार करून. मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात ही तरतूद फार मोलाची आहे. प्रभागनिहाय खर्चाचा तक्ता या चारही भाषांत प्रत्येक विभागीय कार्यालयाबाहेर लावावा, अशी माझी महापालिकेकडे मागणी आहे.

आपल्याकडेही एक विनंती आहे. स्वातंत्र्यलढ्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे वृत्तपत्राचे संपादक होते. त्या परंपरेच्या शहरात आपण दर आठवड्याला एका प्रभागाचा जमाखर्च छापावा. तो मिळवून देण्याचे काम आमच्यासारखे वाचक करतील.

आपला,
एक वाचक, सोलापूर