खाऱ्या टाकीची गळती: पाणी वाळते, मीठ राहते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या नागपुरातही समुद्री मासे आणि प्रवाळ हौसेने सांभाळणारी घरे आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की या घरांतली टाकी रोज पाणी पिऊ लागते. ‘उन्हाळा आहे, उडतंय पाणी’ असे म्हणून वरून आरओचे पाणी ओतले जाते आणि नेमकी तिथेच गळती लपते. गोड्या पाण्याची टाकी गळली तर खाली ओल दिसते. आपल्या कोरड्या हवेत खाऱ्या टाकीच्या सांध्यातून आलेला थेंब कित्येकदा फरशीवर पोहोचण्याआधीच वाळतो. मागे उरते ती पांढरी रेघ, आणि ती आपण फडक्याने पुसून टाकतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १० लिटर पाणी झिरपले तर साडेतीनशे ग्रॅम मीठ घरात कुठेतरी जाऊन बसले: लोखंडी अँगलच्या स्टँडवर, एक्स्टेंशन बोर्डात, नाहीतर फरशीच्या फटीतून स्लॅबमध्ये. मिठातले क्लोराइड काँक्रीटमधल्या सळईला गंज चढवते. पहिल्या मजल्यावरच्या टाकीची किंमत तळमजल्याच्या छताने मोजावी, हे बरोबर नाही.

उडणे आणि गळणे यांतला फरक ओळखायला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याची क्षारता मोजणारे उपकरण, पुरेसा आहे. पाणी उडते तेव्हा मीठ मागे राहते, म्हणून क्षारता वाढते. गळते तेव्हा पाण्याबरोबर मीठही जाते, म्हणून क्षारता जागेवर राहते. त्यावर आपण गोडे पाणी ओतत गेलो की ती उतरू लागते. ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घ्या. दगड-वाळू वजा जाता तिच्यात साधारण २२० लिटर पाणी बसते आणि पातळी १ सेंटीमीटर उतरली म्हणजे साडेपाच लिटर गेले. रोज ५ लिटर गळत असेल आणि तेवढेच आरओचे पाणी भरले जात असेल तर पाच दिवसांत ३५ ची क्षारता ३१ च्या आसपास येते. मासे एकवेळ तग धरतील, प्रवाळ मिटून बसतात. पातळी भरलेली आणि क्षारता घसरती, असे दिसले की गळती शोधायलाच हवी. स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर वर कपात काढणारे यंत्र, फार पातळ फेस काढत असेल तरीही क्षारता थोडी उतरते, त्यामुळे त्याचा कप आधी पाहावा. ज्यांनी आपोआप पाणी भरणारे यंत्र लावले आहे त्यांनी तर आठवड्यातून दोनदा क्षारता मोजावीच, कारण पातळी कधीच उतरलेली दिसत नाही.

शोध घेताना पहिला संशय काचेवर घेऊ नये. खाली संप, म्हणजे वरच्या टाकीला पाइपाने जोडलेली दुसरी टाकी, असेल तर पंप चालू असताना वरची पातळी ढळत नाही. घट दिसते ती संपातल्या रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी पुन्हा वर चढवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यात. पंप बंद करून दोन्हीकडे पातळीला टेप लावावी. वरचे पाणी ओव्हरफ्लोच्या (जिथून ते संपात पडते त्या) कडेपर्यंत उतरून थांबले की वरची टाकी शाबूत. मग दोष संपात, पाइपात किंवा टँक नेपलमध्ये, म्हणजे काचेच्या भोकात पाइप बसवायच्या जोडात. नेपलचा रबरी वॉशर त्याच्या कॉलरच्या बाजूला हवा, नटाच्या बाजूला नको. गळते म्हणून पान्याने आवळत बसले तर भोकापासून काच तडकते. हाताने घट्ट करून वर पाव फेरा बस.

वीज गेल्यावरच फरशी ओली होत असेल तर ती गळती नव्हेच. पंप थांबला की रिटर्नच्या तोंडातून पाणी उलटे ओढले जाते आणि संप ओसंडतो. रिटर्नच्या पाइपाला पातळीच्या सेंटीमीटरभर खाली ५ मिलिमीटरचे भोक पाडले की तिथे हवा शिरते आणि ओढ तुटते. ते भोक शेवाळाने बुजते, दर पंधरवड्याला काडी घालून साफ करावे. पाणी उलटे येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर विसंबू नये, खारात तो अडकतोच. संपात मोकळी जागा किती ठेवायची, ते मुद्दाम पंप बंद करून पाहावे.

उलट वरची टाकीच उतरत असेल तर बाहेरून सगळे कोरडे पुसून तळाच्या चारही सांध्यांना टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवाव्यात. जी पट्टी आधी भिजते तिथे पाणी बाहेर येते. पण काच आतून जिथे सुटली ती जागा तीच असेल असे नाही, कारण पाणी सांध्याच्या आतून वाट काढत दूरवर निघू शकते. उभा सांधा गळत असेल तर पाणी आपोआप एका उंचीवर थांबते. ती उंची हाच पत्ता.

गळती सापडली की आधी वीज. खारे पाणी वीज उत्तम वाहून नेते. हात पाण्यात घालण्यापूर्वी मेन बंद करावा, निदान टाकीचा सर्व पुरवठा तोडावा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्यावी. बोर्ड टाकीच्या खाली नव्हे, बाजूच्या भिंतीवर असावा आणि प्रत्येक वायरीला बोर्डाच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब पिनेत न जाता झोळातून गळून पडतो.

मग जिवांची सोय. पाणी फेकू नका, तेच त्यांचे घर आहे. नवे प्लास्टिकचे ड्रम किंवा टब घ्यावेत; साबणाने धुतलेली बादली नको आणि तांब्या-पितळेचे भांडे तर मुळीच नको. तांब्याचा अंश कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना मारतो. दगड पाण्यात बुडवून पॉवरहेडने, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या छोट्या पंपाने, पाणी फिरते ठेवावे. ते वाळले की त्यांच्यावरचे जीव मरतात आणि अमोनिया वाढतो. जुनी वाळू ढवळून पुन्हा तशीच वापरू नये, तळाची घाण पाण्यात येते. झोअँथिड जातीचे प्रवाळ हाताळताना हातमोजे आणि चष्मा लागतो; त्यांच्यातल्या काहींमध्ये अतिशय जहाल विष असते. ते दगड गरम पाण्याने धुवू नयेत, वाफ अंगात जाते. तात्पुरत्या टबात तापमान २४ ते २७ अंश राहील हे पाहावे. उन्हाळ्यात बंद बाटलीतला बर्फ तरंगत ठेवावा, डिसेंबरच्या रात्री हीटर लावावा. तयार खारे पाणी ५० लिटर तरी बाजूला असावे. त्याला पावणेदोन-दोन किलो समुद्री सॉल्ट मिक्स लागते. घरच्या मिठाने भागत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हवे तेवढे नसते.

आता डागडुजी. बाहेरून सिलिकॉन फासणे हा सर्वांत लाडका आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. पाणी आतून बाहेर ढकलते, बाहेरचा थर ते उचलून टाकते. दीड फूट खोलीवर दर चौरस सेंटीमीटरवर ४५ ग्रॅमच्या आसपास दाब असतो, आणि तो टाकीच्या लांबीवर नाही, उंचीवर अवलंबून असतो. म्हणून पातळी वीतभर खाली आणली की बऱ्याच गळत्या मंदावतात. तेवढाच वेळ मिळतो.

दुरुस्ती आतूनच करावी लागते. वाळलेल्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट धरत नाही, त्यामुळे फक्त गळणारा कोपरा नाही, आतली सगळी कड ब्लेडने खरवडून काढावी. दोन काचांच्या मधल्या थराला मात्र हात लावू नये, टाकीची ताकद त्यात आहे. तो थर सुटला असेल, त्यात बुडबुडे लांबवर दिसत असतील, तर टाकी पूर्ण उघडून पुन्हा जोडावी लागते. काचेला तडा असेल तर काच बदलावी. खरवडल्यावर काच आधी गोड्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. मिठाचा पातळ थर राहिला तरी सांधा सुटतो. सिलिकॉन शंभर टक्के, व्हिनेगरसारखा वास येणारे आणि बुरशीनाशक नसलेले घ्यावे. बाथरूमसाठीचे बहुतेकदा बुरशीनाशक घातलेले असते. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून ६ ते ८ मिलिमीटरची धार भरावी, बोटाने एकदाच फिरवावी आणि साय धरण्याआधी टेप काढावी.

इथे नागपूरच्या हवेचे एक वेगळेपण आहे. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन पक्के होते. बाहेर लू चालत असताना खोली कोरडी ठणठणीत असते आणि तेच काम पावसाळ्याच्या मानाने फार रेंगाळते. खोलीत ओले फडके टांगावे, पण कूलरचा झोत थेट टाकीवर नको, धूळ चिकटते. ४८ तासांत वरून घट्ट वाटले तरी उन्हाळ्यात सात दिवस थांबावे, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरू नये. चाचणी साध्या नळाच्या पाण्याने, सपाट जमिनीवर थर्मोकोल अंथरून घ्यावी, बाल्कनीत नको. आधी तृतीयांश भरून एक दिवस, मग पूर्ण भरून तीन दिवस.

सांधे मुळात का सुटतात, तर शेवाळ खरवडणारे ब्लेड कोपऱ्यात गेल्याने, थोडे पाणी ठेवून टाकी उचलल्याने, आणि स्टँड पाणसळीत नसल्याने. नागपुरात तिसरे कारण अधिक. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तळमजल्याच्या फरश्या हलतात. साडेतीनशे किलोंहून अधिक वजनाच्या टाकीचा एक पाय २ मिलिमीटर खचला तरी काच पिळली जाते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाणसळ लावून पाहावी. पाचर ठोकायची झाली तर टाकी रिकामी करून.

राहता राहिले टाकून द्यायचे पाणी. ते सोसायटीच्या झाडांना घालू नये. मिठाने मुळे जळतात आणि सोडियममुळे काळी माती चिकट, घट्ट होऊन पाणी मुरवेनाशी होते. मोरीत ओतून वर बादलीभर साधे पाणी सोडावे. सांडलेली फरशी गोड्या पाण्याने तीन-चार वेळा पुसून घ्यावी आणि दर वेळी फडके वेगळ्या बादलीत पिळावे, नाहीतर तेच मीठ फिरत राहते. स्टँडचे पाय मात्र पाणी न ओतता ओल्या फडक्याने पुसावेत, कोरडे करावेत आणि गंज खरवडून रेड ऑक्साइड लावावा.

आपला,
एक समुद्री मत्स्यपालक, नागपूर