पेपर, कात्रणं अन् आपलं सोयाबीन

आई, अण्णा,

पाया पडते. फोनवरच बोलणार होते, पण फोनवर अण्णा दोन मिनिटात "हं, बरं, आईशी बोल" म्हणून मोबाईल तुझ्याकडं देतात आणि तू जेवलीस का, पोरगं अजून खोकतंय का यातच अर्धा तास काढतीस, म्हणून हे सगळं टाईप करून पाठवायलेय. दादाच्या पोरीकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि मधलं काही गाळू नको म्हणाव तिला. ते 57 वालं तर अजिबात नाही.

अण्णा, तुम्ही रोज पारावर पेपर उघडता, जिल्ह्याचं पान आलं की सुरू, डीपी जळाला, रस्ता खचला, खरेदी केंद्रावरून माल परत पाठवला, बियाणं उगवलं नाही, आणि मग सगळ्यांना दोन शिव्या देऊन घडी घालून ठेवता. मीबी तेच पान वाचते, सवय तुम्हीच लावलेली. फक्त दोन वर्षं झाली मी कात्रणं काढून वहीत चिकटवते आणि प्रत्येकाच्या बाजूला दोनच गोष्टी लिहिते, याचे पैसे कोण देईल आणि वर्षातले किती महिने देईल. हे हसतात, म्हणतात तुला कलेक्टर व्हायचं होतं का तलाठी. हसू द्या.

ही दुसरी गोष्ट लिहायची अक्कल मात्र पैसे घालवून आलीये. डब्याच्या धंद्याचं तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. तेव्हा पेपरात आलतं की लातूरला नीटच्या तयारीला आलेल्या पोरांचे मेसमध्ये जेवणाचे हाल, पोळी कच्ची, वरण पाणी. बातमी खरीच होती, मी डोळ्यानं बघून आलते. चाळीस डबे लागले, मला वाटलं जमलं. मग मेच्या सुरुवातीला परीक्षा झाली आणि पोरं बॅगा भरून आपापल्या गावाला, नवीन बॅच यायला जून-जुलै उजाडतो, तोपर्यंत पोळ्यावाल्या बाईचा पगार चालू, खोलीचं भाडं चालू, गॅस तेवढा बंद. शिवाय त्या एका गल्लीत माझ्यासारख्या अकरा जणींनी तीच बातमी वाचली होती. आई, पाटल्या लॉकरात आहेत असं मी म्हणाले होते ना, त्यातली एक नाही. आज सांगून टाकते. ओरडायचं असलं तर शनिवारी ओरड.

सौर पंपाचंबी कात्रण आहे. पंप बसवून गेले, बंद पडला, फोन लावला तर कंपनीचा माणूस येईना. ह्यांना वायरिंगचं येतं, म्हणलं गावोगाव फिरून दुरुस्ती करा. पण त्या योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते, मग शेतकरी आपल्याला कशाला पैसे देईल, तो कंपनीच्या नावानं बोंबलत बसेल आणि त्याचं बरोबरच आहे. अडचण खरी, पण गिऱ्हाईक नाही. पान उलटलं.

आणि पाण्याचं तर तुम्हाला काय सांगू. 2016 च्या एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणींत 5 लाख लिटर, पुढं 50 वाघिणींची गाडी सुरू झाली, तेव्हा मी नवी नवरी होते आणि मध्यरात्री घागरीचा नंबर लावून बसायचे. त्या उन्हाळ्यात ज्याच्या बोरला पाणी होतं त्याचं चांगलंच भागलं. धंदा होता तो, नाही म्हणत नाही. माझ्यानं नसता झाला.

आता सोयाबीनवर येते.

अण्णा, 2020 चा जून आठवा. तुम्ही खालच्या रानात पेरलं, पाऊस चांगला झालता, ओल होती, तरी आठव्या दिवशी पेरलेल्या ओळीत निस्ती माती. दुबार पेरणी केली, दादानं तालुक्याला तक्रार दिली, मराठवाडाभर हजारोंनी तक्रारी झाल्या, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. सगळा राग कंपन्यांवर निघाला, आणि काहींची चूक होतीच. पण त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात काय झालतं? 2019 ला ऐन काढणीत पाऊस, कापून लावलेले ढीग, बनमी भिजल्या, शेंगा झाडावरच काळ्या पडल्या. बियाणं तिथंच गेलं होतं, बातमी तेवढी आठ महिन्यांनी आली.

आता गेला सप्टेंबर आठवा. 2025 चा. आपलं खालचं रान पाण्याखाली, वरचं कसंबसं वाचलं. पेपरात तेव्हा पुराचे फोटो आले, मग मदतीच्या बातम्या, मग पान रिकामं. माझ्या वहीत मात्र त्या कात्रणाच्या बाजूला "जून 2026" लिहिलंय.

म्हणून संक्रांतीला आले तेव्हा मी अकरा घरचं मूठ-मूठ सोयाबीन पिशव्यांत घालून नेलं, आठवतंय ना, आई म्हणाली काय भिकाऱ्यासारखं दारोदार फिरायलीस. ते इथं गोणपाटावर लावलं. काही अवघड नाही, ओलं गोणपाट, दहा-दहाच्या दहा ओळी, गुंडाळून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपायचं, सातव्या दिवशी कोंब मोजायचे. शंभरातले 70 निघाले तर एकरी 30 किलो पेरायचं, त्याच्या खाली आलं की एका टक्क्यामागं अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे 65 ला साडेबत्तीस. आणि 60 च्या खाली गेलं की ते बियाणं नाही, आडतीचा माल.

अकरापैकी चार घरचं साठच्या खाली आलं. तुमचं 57.

मी तीनदा लावलं अण्णा. पहिल्यांदा 57, मग 55, मग परत 57. तुमच्या बियाण्याला गावात मान आहे, तात्यांना तुम्ही दोन पोती कबूल केलीत हेबी मला माहितंय, म्हणूनच महिनाभर बोलले नाही. पण जूनला तात्यांच्या रानात उगवलं नाही तर तुम्ही पारावर जाणार नाही, हे मला त्याच्याहून जास्त माहितंय.

त्यात तुमची चूक नाही. शेंग भिजली ते एक. दुसरं, दादानं रास करताना मळणीचं मशीन जोरात पळवलं, वर आभाळ आलतं, त्याचंबी खरं, पण बियाण्याला मिनिटाला 300 ते 400 च्या वर फेरे नको असतात, ह्याचं साल पापुद्र्यासारखं, मार बसला की बाहेरून दिसत नाही आणि आत कोंब मेलेला. तिसरं, थप्पी पत्र्याला टेकलीये, सात फुटांच्या वर लावू नये म्हणतात.

तर माझं म्हणणं असं की गावात बियाणं चाळून, निवडून आणि उगवण काढून द्यायचं काम सुरू करायचं. एक चाळणी-पंख्याचं मशीन, माती-काडी काढायला, आणि एक ते गोल जिन्यासारखं स्पायरल, त्याला लाईटबी लागत नाही, गोल टपोरा दाणा घरंगळत बाहेरच्या बाजूला जातो आणि फुटून डाळ झालेला, चपटा, सुरकुतलेला आतल्या बाजूनं खाली उतरतो. क्विंटलमागं दीडशे रुपये घ्यायचे असं धरलंय. आपण बियाणं विकायचं नाही, त्याला लायसन लागतं, ज्याचं त्याचं निवडून द्यायचं. सोयाबीनचं एकदा आणलेलं बियाणं दोन-तीन वर्षं घरचं चालतं, सगळ्यांना माहितंय, फक्त खात्री नसते म्हणून बॅग आणतात. आणि खरं सांगायचं तर मशीन मेलेला दाणा ओळखत नाही, तुमचं 57 चाळून फार तर थोडं वर जाईल. म्हणून उगवण काढल्याशिवाय मी कुणालाच "पेरा" म्हणणार नाही.

किती महिने? फेब्रुवारी ते जूनचा पहिला आठवडा, उन्हाळी सोयाबीनवाले एप्रिल-मेला येतील. परत ऑक्टोबरात हवा, म्हणजे दाण्यातला ओलावा बघायचं मीटर ठेवायचं, हमीभावाच्या केंद्रावर 12 टक्क्यांच्या वर हवा निघाली की ट्रॅक्टर परत, भाडं डोक्यावर, ते गावातच दहा रुपयात बघून गेले तर काय वाईट. हरभऱ्याला तेच मशीन जाळी बदलून चालतं. बाकीचे महिने रिकामे, ते यावेळी आधीच मोजलेत.

पैशाचं, तुमच्याकडं मागत नाही. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आले, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनेत बाईच्या नावावर आणि खेड्यात टाकलं तर 35 टक्के अनुदान, शहरात 25. आपले 5 टक्के, बाकी बँक. बँकवाला दोनदा "साहेब मीटिंगला गेलेत" म्हणालाय, तिसऱ्यांदा जाणार आहे.

मागायचंय ते रानातल्या आखाड्यावरचं पत्र्याचं शेड. फुकट नको, महिन्याला भाडं देणार, दादाशी बोललेय, वहिनीशीबी, नंतर कुणी म्हणायला नको की पोरगी माहेरचं बळकावायली. आणि दुसरं, कोंब मोजायला तुम्ही पाहिजेत. माझ्या मोजण्यावर गावात कुणी विश्वास ठेवणार नाही, तुमच्या ठेवतील. त्यातबी पहिल्याच दिवशी तुम्ही स्वतःच्या पोत्यावर खडूनं 57 लिहिलं आणि ते आडतीला घातलं तर लोक आपलं आपलं घेऊन येतील. अवघड आहे माहितंय. नाही म्हणलात तरी तात्यांना ती दोन पोती देऊ नका एवढं ऐका.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येतेय. तीन गोणपाटं धुवून वाळवून ठेवा, युरियाच्या पोत्यातली नको. थप्पीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पोत्यातलं वेगवेगळं सोयाबीन काढा, चौथ्यांदा तुमच्या हातानं लावू.

आई, बीपीची गोळी संपत आली असंल, पत्ता संपायच्या आधी फोटो टाकायला लाव पोरीला, इथून घेऊन येते. आणि पाटलीचं अण्णांसमोर नको, चुलीपाशी बोलू.

तुमची,
ताई