आईसाठी कुणाकडे जायचं?

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही गच्चीवर जाऊन हळू आवाजात फोन केलात, "आईसाठी कुणीतरी चांगलं बघ," म्हणालात. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून आईच्या मनाच्या उपचारासाठी कुणाकडे जायचं ते लिहिते. आई, हे पत्र तुलाही आहे. तुझ्या पाठीमागे काही ठरवायचं नाही.

गणपतीत आले होते तेव्हा पहाटे तीनला तू स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसलेली दिसलीस. निवडलेलेच पुन्हा निवडत होतीस. मामा गेल्यापासून असंच चाललंय ना? "मी काय वेडी आहे का?" असं तू बाबांना म्हणालीस. नाहीस गं. मीही दोन वर्षांपूर्वी अशा उपचाराला जात होते. तुम्हाला सांगितलं नाही, काळजी कराल म्हणून.

पहिल्या बाई माझं बोलणं अर्ध्यावर तोडून "सकारात्मक विचार करा" म्हणायच्या, मध्येच फोन घ्यायच्या. पटत नव्हतं, तरी भिडेपोटी पाच वेळा गेले. दर वेळी घरी येऊन वाटायचं, दोष माझ्यातच आहे. दुसऱ्या बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "आधी कुणाकडे गेला होतात? तिथं काय पटलं नाही?" आणि उत्तर पुरतं ऐकून घेतलं. त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी गाढ झोपले.

आई, तुझी मला हीच काळजी आहे. शिंप्याने ब्लाऊज बिघडवलं तरी तू "चालेल" म्हणून पैसे देऊन येतेस. इथं तसं करू नकोस. तीन-चार भेटींत मन मोकळं होत नाहीये असं वाटलं, तर तसं त्यांना सांग. त्यानेही फरक पडला नाही तर आपण दुसरीकडे जाऊ. त्यात कुणाचा अपमान नाही. माणूस जुळलं तर या उपचाराचा गुण जास्त येतो.

बाबा, आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, साखर तपासून घ्या. झोप त्यानेही उडते. मग पाटी नीट वाचा. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, ते औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात, त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नुसती 'समुपदेशक' अशी पाटी कुणीही लावतं, म्हणून शिक्षण विचाराच. विचारल्यावर जो रागावेल त्याच्याकडे जायचंच नाही. फी किती, दर आठवड्याला यावं लागेल का, हेही फोनवरच विचारा.

आणि मराठी बोलणारंच माणूस हवं. "जिवाची घालमेल होते" हे आईने इंग्रजीत कसं सांगायचं? गावात कुणी नसेल तर व्हिडिओ कॉलवरही चालतं, पण आईसाठी मला समोरासमोरच बरं वाटतं.

तोवर एखादी रात्र फारच जड गेली तर १४४१६ लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, रात्रीही चालू असते आणि मराठीतून बोलता येतं.

मी शनिवारच्या गाडीने येते. पहिल्या वेळी बाहेरच्या बाकावर मी बसेन. आत काय बोललीस ते मी विचारणार नाही. बाबा, तुम्हीही विचारू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आईचं बोलणं गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांना बंधनकारक आहे, मग आपणही तेवढं पाळू.

तुमची,
मनू