मामा, हिट नसलेल्या बँडचा हिट्सचा अल्बम

प्रिय मामा,

तुला आणि मामीला नमस्कार. मामीचा गुडघा कसा आहे आता? आई म्हणाली जिना चढायचं बंद केलंय, बरं केलं, तसंही वरच्या खोलीत तुझ्या कॅसेटच्या खोक्यांशिवाय आहे काय. इकडं आम्ही मजेत. कॅलिफोर्नियात, आमच्या ट्रेसी गावात उन्हाळा सुरू झालाय, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, संध्याकाळी खिंडीतून वारा सुटला की जरा जीवात जीव येतो.

मागं तू विचारलेलंस ना की ऑफिसला जाता येता एवढा वेळ गाडीत करतेस काय. तर माझी गाडी जुनी, तिच्यात अजून सीडी प्लेअर आहे, आणि सध्या त्यात एकच सीडी चालू आहे, पेव्हमेंट नावाच्या अमेरिकन रॉक बँडची, ‘क्वारंटाइन द पास्ट’. नाव ऐकून कोरोनातलं काहीतरी वाटेल पण अल्बम 2010 चा आहे, बँड फुटल्यावर दहा वर्षांनी परत एकत्र आले तेव्हा काढलेला, आणि नाव पहिल्याच गाण्यातल्या ओळीवरून घेतलंय. बेस्ट ऑफ आहे, म्हणजे बँडच्या निवडक गाण्यांचा. आता गंमत बघ, ह्या लोकांचं हिट म्हणावं असं गाणं जवळजवळ नव्हतंच! 1994 चं ‘कट युअर हेअर’ रेडिओवर बऱ्यापैकी वाजलं, बाकी सगळं कॉलेजची पोरं आणि गाण्यांचे किडे ह्यांच्यातच. मग बेस्ट ऑफमध्ये घालायचं काय? म्हणून म्हटलं तुला लिहावं, हा तुझ्या कॅसेटच्या धंद्यातला प्रश्न आहे. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं चांगली गाणी भरून द्या, आणि चांगली म्हणजे कुठली ते तूच ठरवायचास.

बँड मूळचा स्टॉकटनचा, म्हणजे आमच्यापासून अर्ध्या तासावर. म्हणूनच माझं लक्ष गेलं खरं तर, ऑफिसातला एकजण म्हणाला अगं तुझ्या बाजूच्या गावचे आहेत ते. तुला स्टॉकटन माहीत असेल, तिथला गुरुद्वारा 1912 चा, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या गदरवाल्यांचा अड्डा, आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही त्याच चळवळीतले. बाकी गाव म्हणजे शेती, गोदामं आणि ट्रक. अशा ठिकाणी 1989 मध्ये स्टीफन माल्कमस आणि स्कॉट कॅनबर्ग ह्या दोन शाळेपासूनच्या मित्रांनी गॅरी यंग नावाच्या माणसाच्या घरगुती स्टुडिओत जाऊन 800 डॉलरात पहिली छोटी रेकॉर्ड काढली. हा गॅरी त्यांच्यापेक्षा वयानं बराच मोठा, जुना हिप्पी, ह्यांचं वाजवणं ऐकून हे काय चाललंय म्हणाला असेल, पण स्वतःच ड्रमवर बसला आणि पुढं काही वर्षं बँडमध्येच राहिला. कार्यक्रमाच्या दारात उभा राहून लोकांना कोबीचे गड्डे वाटायचा, स्टेजवर हातांवर उलटा उभा राहायचा. 2023 मध्ये गेला बिचारा.

त्या पहिल्या रेकॉर्डवरचं ‘बॉक्स एल्डर’ ह्या अल्बमात आहे. नीट ऐक, मागं कायम खरखर आहे, तुझ्या दुकानातल्या तिसऱ्यांदा कॉपी मारलेल्या कॅसेटसारखी. कोणी साफसूफ करत बसलं नाही हे मला फार आवडलं. आणि एक आधीच सांगून ठेवते, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाढलेल्या तुझ्या कानाला वाटेल की गिटार लावलेलीच नाही. लावलेली असते रे, पण नेहमीच्या सुरात नाही, तारा मुद्दाम भलतीकडंच मिळवलेल्या असतात त्यामुळं सूर सरकल्यासारखा वाटतो. त्यावर माल्कमस असा गातो की आत्ताच झोपेतून उठलाय. पहिले दोनतीन दिवस मला राग यायचा, नीट गा की बाबा! मग ‘हिअर’ नावाचं संथ गाणं आलं, यशासाठी नटूनथटून बसलो पण ते काही आलंच नाही अशी त्याची सुरुवात आहे, आणि तेच आळसावलेल्या आवाजात ऐकताना हायवेवर डोळ्यात पाणी आलं. पुढं ट्रॅफिक तुंबलेला होता म्हणून बरं.

तर निवड. एकूण 23 गाणी. पाच अल्बममधली 17 आणि उरलेली सहा छोट्या रेकॉर्डींवरची वगैरे, जी कोणाच्या हातात सहज पडली नसती. पहिल्या दोन अल्बमची पाचपाच घेतलीत, आणि 1999 चा शेवटचा, ज्याला रेडिओहेड ह्या इंग्लिश बँडचा प्रोड्युसर नायजेल गॉडरिच आणला होता, त्यातलं फक्त एक. त्यातलंच ‘कॅरट रोप’ इंग्लंडच्या चार्टवर 27 व्या नंबरला गेलेलं, तिकडचं त्यांचं सगळ्यात मोठं यश, ते चक्क गाळलंय! मला विचारशील तर बरोबर केलं, ते गाणं जरा गोडमिट्ट आहे. पण 1995 च्या ‘वावी झावी’वर अन्याय झालाय, त्यातली दोनच आणि त्यातलं ‘ग्राउंडेड’ असं आहे की अजून मागावंसं वाटतं.

वर्षांप्रमाणं लावलेली नाहीत गाणी. 94 चं पहिलं, मग 92 चं, अशी उलटीसुलटी, आणि तरी कुठं सांधा दिसत नाही. तू साईड ए च्या शेवटी नेहमी एक दमदार गाणं ठेवायचास ना, गिऱ्हाईकानं कॅसेट उलटावी म्हणून, तसलंच डोकं आहे ह्यामागं. सगळं एका सीडीत बसलंय म्हणजे टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये आरामात मावेल.

आता खरी मजा ऐक. आज स्पॉटिफायवर ह्या बँडचं सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं गाणं ‘हार्नेस युअर होप्स’, 1999 साली एका छोट्या रेकॉर्डच्या कोपऱ्यात टाकलेलं, आणि ते ह्या बेस्ट ऑफमध्ये नाहीच. लोक म्हणतात एक गाणं संपलं की ॲप आपणहून दुसरं लावतं, त्यात हे सारखं लागत गेलं आणि वर आलं, मग टिकटॉकवरच्या पोरांनी उचललं, 2022 मध्ये त्याचा नवा व्हिडिओसुद्धा काढला. गाणं झकास आहे, वाद नाही. पण मशीननं एक गाणं वर काढलं म्हणून मला काही ह्या 23 मधलं एकही काढून तिथं ते घालावंसं वाटत नाही. तुला वाटेल का बघ.

अथर्वला मोबाईलवर लावायला सांग, फक्त शफल बंद कर म्हणावं, आणि ‘गोल्ड साउंड्झ’पासून ‘फाइट धिस जनरेशन’पर्यंत क्रमानं. एका बैठकीत नको, मामी ओरडेल. ‘डेब्री स्लाइड’ लागलं की आवाज कमी कर, शेजारच्या काकू भांडण चाललंय समजून येतील. आणि तू असतास तर कुठलं गाळलं असतंस ते मला सविस्तर कळव, व्हॉट्सॲपवर अंगठा नको.

आई पुढच्या महिन्यात येतीये इकडं, तिच्याबरोबर भडंग पाठव, लसूण जास्त घातलेलं.

तुझी,
पिंकी