कुस्तीच्या जुन्या फोटोंसाठी आभार

कोल्हापूरच्या कुस्तीवरील प्रदर्शनासाठी ज्यांनी भिंतीवरच्या तसबिरी उतरवून दिल्या, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. नाव छापू नका असं बहुतेकांनी बजावलंय, म्हणून नावं नाहीत.

सर्वांत मोठे आभार काचेला चिकटलेले फोटो न सोलता, फ्रेमसकट आणून देणाऱ्यांचे. पावसाळी ओलीनं फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो; ओढला की नेमका पैलवानाचा चेहरा काचेवर राहतो. असे फोटो काचेतूनच टिपले, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून, म्हणजे चमक येत नाही. सुटे फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), पासपोर्टएवढे १२०० ला स्कॅन केले, टिफ या बारकावे न गमावणाऱ्या फाइलमध्ये. जेपीजी फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायला. लॅमिनेट केलेल्यांचं मात्र फारसं काही करता येत नाही.

तालमीतल्या जुन्या वस्तादांचे ऋण वेगळेच. फोटोमागं नुसतं ‘खासबाग’ लिहिलेलं असतं, आणि ते मैदान १९१२ पासूनचं! वस्तादांनी कुस्तीत मोडलेले कान, कमरेची लांग, पंचांचे फेटे बघून माणसं ओळखली. ‘डावीकडून तिसरा, बसलेला’ अशी नावं आम्ही वेगळ्या कागदावर घेतली. फोटोमागं बॉलपेननं लिहिलं तर अक्षर पुढं उमटतं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकी कांस्यपदकानंतरच्या सत्काराचे म्हणून आलेले फोटोही त्यांनीच पारखले. दोन जाणत्यांचं एकमत झालं नाही तिथं फोटोखालच्या ओळीत ‘बहुधा’ आहे.

मूळ फोटो आम्लरहित पाकिटात घालून परत येतील. पुन्हा टांगताना उन्हाची भिंत टाळा.