वहिनी, वाइन वाढायला तुम्ही शिकवलंत

प्रिय वहिनी,

हे पत्र तुम्हाला एकटीलाही पाठवता आलं असतं. पण तुम्ही मला जे शिकवलंत ते अनेकांना हवं असतं आणि विचारायचा संकोच वाटतो, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

पाहुण्यांसाठी रांधायची मला कधी धास्ती वाटली नाही. वाइनची बाटली टेबलावर आली की मात्र ती मी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायची. द्राक्षांची नावं, गावांची नावं, सालं, हे सगळं पाठ असल्याशिवाय आपण बाटलीला हात लावू नये, असं मनात पक्कं बसलं होतं. तुम्ही इतकी वर्षं हॉटेलात पाहुण्यांना वाइन वाढलीत, तुम्हाला ती नावं सांगणं सहज जमलं असतं. तुम्ही मला लेबल वाचूच दिलं नाहीत. म्हणालात, ‘आधी उघडायला शिक.’

तुमच्याकडचा ओपनर वेटर खिशात ठेवतात तसला, घडीचा. 1882 मध्ये कार्ल विंके नावाच्या जर्मन माणसाने त्याचं पेटंट घेतलं आणि मूळ रचना आजही तीच आहे, हे मला तुमच्याकडूनच कळलं. तुमचे हात अजून डोळ्यांसमोर आहेत. बाटलीच्या तोंडाजवळच्या कडेखाली पातं फिरवून वरचं वेष्टण काढलंत, तोंड फडक्याने पुसलंत, मळसूत्राचं टोक बुचाच्या बरोबर मध्यावर टेकवलंत आणि सरळ आत फिरवत नेलंत. शेवटचा एक वेढा बाहेरच ठेवलात, कारण टोक आरपार गेलं की बुचाचा भुगा वाइनमध्ये पडतो. मग ओपनरचा टेकू बाटलीच्या काठावर ठेवून बूच वर उचललंत. शेवटचा थोडा भाग तेवढा मुठीत धरून हलकेच सोडवलात, आवाज न करता. मग बाटली नि ओपनर माझ्या हातात दिलात आणि स्वतः बाजूला झालात. हे बाजूला होणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. शिकवणारे पुष्कळ असतात, पण त्यातले बरेच जण आपला हात मध्ये घालतातच.

स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या, वाइनच्या बाबतीत मात्र तुम्ही कडक होतात, आणि ते योग्यच होतं. शॅम्पेनच्या बाटलीत साधारण सहा अ‍ॅटमॉस्फिअर दाब असतो, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. बुचावरची तार सैल करायच्या आधीपासून अंगठा बुचावर हवा, बाटली चांगली गार हवी, तिरकी धरलेली हवी आणि तिचं तोंड कुणाच्याही दिशेला नको. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. बूच उडवून टाळ्या घेणं तुम्हाला मुळीच पसंत नव्हतं. कुणाच्या डोळ्याला लागलं तर, एवढंच तुम्ही म्हणालात.

पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो तापमानाचा. व्हाइट वाइन 8 ते 12 अंशांवर, रेड 15 ते 18 अंशांवर. फ्रिजच्या आत साधारण 4 अंश असतात, म्हणून व्हाइटची बाटली वाढण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढायची. फार गार वाइनला वासच येत नाही. आणि रेड? ती खोलीच्या तापमानाला द्यावी, असं जो तो सांगतो. तुम्ही समजावलंत की हा सल्ला जुन्या काळच्या थंड घरांचा आहे. खोली उबदार असेल तर रेडही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची, नाहीतर दारूचा उग्रपणा तेवढा नाकात जातो. घाई असेल तर बादलीत नुसता बर्फ न घालता बर्फ आणि पाणी घालायचं. पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं, म्हणून ती लवकर गार होते. एवढ्याने तीच वाइन किती वेगळी लागते!

ओतताना ग्लास एक तृतीयांशच भरायचा, म्हणजे वास कोंडायला जागा राहते. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 150 मिलिलिटरचे पाच ग्लास होतात, त्यामुळे किती बाटल्या आणाव्यात याचा अंदाजही आपोआप येतो. थांबताना मनगट किंचित वळवलं की थेंब टेबलावर सांडत नाही.

यजमानाने पहिला घोट स्वतःच्या ग्लासात का घ्यायचा, हेही तुमच्यामुळे कळलं. त्यात मिरवणं काही नाही. बुचातल्या टीसीए नावाच्या संयुगामुळे कधीकधी वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागतो. तो आपल्याला आधी कळावा, म्हणजे पाहुण्यांच्या ग्लासात जायच्या आत बाटली मुकाट्याने बदलता येते.

आणि न घेणाऱ्यांबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते तर मी प्रत्येक वेळी पाळते. एकदाच विचारायचं. ‘नको’ म्हटलं की कारण विचारायचं नाही, ‘थोडीशी घ्या हो’ म्हणायचं नाही. त्यांचा रस किंवा पाणी तशाच सुंदर ग्लासात, इतरांच्या आधी त्यांच्यापुढे ठेवायचं. गाडी चालवणाऱ्याचा ग्लास पुन्हा भरायला जायचं नाही. पाण्याचा जग मात्र सगळ्यांच्या हाताशी हवा. वहिनी, हे मला कुठल्याही पुस्तकात इतक्या आपुलकीने लिहिलेलं सापडलं नसतं. माझ्याकडे येणारी माणसं आता मोकळेपणाने बसतात, त्याचं बरंचसं श्रेय तुमचं आहे.

आता एक हक्काने मागते. पुढच्या वेळी याल तेव्हा जुनी रेड वाइन गाळ मागे ठेवून डिकँटरमध्ये, म्हणजे वाढायच्या काचेच्या सुरईत, कशी काढायची ते दाखवा. बाटली मी आदल्या दिवसापासून उभी करून ठेवीन, म्हणजे गाळ तळाला बसलेला असेल.

तुमची नणंद